घाट नावाचे शब्द

(आंबोली येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अध्यक्ष महोदय, आंबोलीकर ग्रामस्थ, चौकुळ-गेळ्याहून भिजत आलेली मंडळी, खालून सावंतवाडीहून आणि वरून आजरा-गडहिंग्लजहून आलेले स्नेही,

‘खालून’ आणि ‘वरून’ असं मी म्हटलं आणि सभागृहात कुणाची मानही वळली नाही. पुण्यात असं म्हटलं असतं तर श्रोत्यांनी तळमजला आणि गच्ची यांचा विचार केला असता. इथं खाली म्हणजे कोकण, वर म्हणजे देश. मधे काय आहे ते सांगावं लागत नाही. आज मी त्या मधल्या गोष्टीच्या नावावर बोलणार आहे. डोंगरावर नाही, पावसावर नाही, धबधब्यावर तर नाहीच. त्यावर बोलणारे शनिवार-रविवारी भरपूर येतात.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, ते वर्गात एक प्रश्न टाकायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. कोशात एका शब्दापुढे आठ अर्थ दिले असतील, तर तो एकच शब्द आठ कामं करतो आहे, की आठ वेगळे शब्द एकाच नावानं वावरताहेत? प्रश्न पोरांना विचारलेला असला तरी कोशकारांनाही तो आयुष्यभर छळतो. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंनी १८३१ मध्ये पहिली आणि १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती काढली तेव्हाही तो होता. दाते-कर्व्यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड छापले तेव्हाही होता.

आधी सोपं उदाहरण घेऊ. ‘उतारा’. तलाठ्याकडून सात-बाराचा उतारा काढतात. परीक्षेत उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहितात. विषावर उतारा देतात. दृष्ट लागली की तिन्हीसांजेला तिठ्यावर उतारा ठेवतात. जुन्या बखरीत सरदाराला वाड्यात उतारा मिळतो. अर्थ पाच, आणि एकाचं दुसऱ्याशी वरवर काही देणंघेणं दिसत नाही. पण हे सगळे ‘उतरणे’च्या पोटचे. कागदावर उतरलं, अंगातून उतरलं, मुक्कामाला उतरलं. हा एक शब्द, त्याची कामं पाच.

आता ‘काम’ घ्या. कामगारातला काम आणि कामदेवातला काम. इथं मात्र घरं वेगळी आहेत. संस्कृत कर्म, प्राकृतात कम्म, मराठीत काम. दुसरा काम संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, इच्छा या अर्थाचा. दोघांचा जन्म वेगळा, कुळ वेगळं, आणि आज उच्चारात तिळाचाही फरक नाही. हे घडलं मराठीच्या एका सवयीमुळे. प्राकृतातलं द्वित्त आपण झिजवलं आणि त्याआधीचा स्वर लांबवला. हत्थचा हात, सत्तचा सात, कण्णचा कान, तसाच कम्मचा काम. शब्द असे झिजत गेले की कधीतरी दोन अनोळखी शब्द एकाच आकाराला येऊन थांबतात.

तुमच्या गावाच्या नावातही असाच एक पेच आहे. आंबा आला आम्रपासून. आंबट आलं अम्लपासून. संस्कृतात हे दोन वेगळे शब्द. मराठीत दोघांचीही सुरुवात ‘आंब’ अशीच झाली. वर कैरी आंबटच असते, त्यामुळे पोरांना हे एकच वाटतं आणि त्यांना दोष देता येत नाही. आंबोळी आंबवलेल्या पिठाची, म्हणजे अम्लाच्या घरची. आंबोली कुठल्या आंबाची, हे गावाच्या नावाकडे नुसतं बघून सांगणारे पुष्कळ भेटतात. जुना कागद घेऊन कुणी आला तर मी चहा पाजून ऐकेन.

आणखी एक, आणि मग घाटाकडे वळतो. आपण आज ‘नाव’ लिहितो, ते माणसाचं नावही असतं आणि पाण्यातली नावही. पूर्वी असं नव्हतं. माणसाच्या नांवावर अनुस्वार होता, कारण ते नामन् या शब्दापासून आलं आणि त्यातला म नाकात शिल्लक राहिला होता. होडीच्या नावेवर अनुस्वार नव्हता, कारण ती नौ या शब्दाची लेक. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि छापखान्यात हे दोन शब्द एक झाले. मुलांचा ताप वाचला हे खरं. पण गोव्याच्या कोकणीत ‘नांव’ म्हणताना नाकातून आजही आवाज येतो. पुण्याच्या लेखणीनं जे सोडलं ते कोकणच्या नाकानं धरून ठेवलं आहे.

आता घाट.

पावसाळ्यातल्या एका दिवसात आपण हा शब्द किती परींनी बोलतो पाहा. सकाळी एसटी स्टँडवर कुणीतरी सांगतं, दरड आली, घाट बंद आहे. घरी सासू सुनेला म्हणते, एवढ्या पावसात सत्यनारायणाचा घाट कशाला घातलास? शेजारीण नव्या पाटल्या दाखवते आणि म्हणते, जुन्या घाटाच्या आहेत, आता असं काम होत नाही. वर्तमानपत्रात बातमी असते की सरकारचं अमुक करण्याचं घाटत आहे. देवळात घांट वाजते. वरून आलेला पाव्हणा सांगतो, औंदा हरभऱ्याला घाटे बरे धरले होते पण अळी पडली. आणि रात्री चुलीवर घाटलं शिजत असतं.

पहिल्यांदा डोंगरातला घाट. याचा मूळ शब्द ‘घट्ट’, आणि झिजण्याचा नियम तोच: घट्टचा घाट, पट्टचा पाट. संस्कृत कोशांत घट्ट म्हणजे पाण्यात उतरायची जागा, पायऱ्या, धक्का. वेदवाङ्मयात हा शब्द भेटत नाही, उशिराच्या कोशांत भेटतो, आणि दक्षिणेच्या भाषांत त्याच्यासारखे शब्द आहेत. म्हणून तो दक्षिणेकडून वर गेला असावा, असं मानणारे अभ्यासक आहेत. मला ते पटतं. कारवार-मंगळूरकडे जाऊन पाहा. तिथं कन्नडात ‘घट्टद मेले’ म्हणजे घाटावर आणि ‘घट्टद केळगे’ म्हणजे घाटाखाली. मी सुरुवातीला ‘खालून आणि वरून’ म्हटलं ते सगळ्या किनारपट्टीचं बोलणं आहे, ते एकट्या मराठीचं नाही.

नदीचा घाट आणि डोंगराचा घाट हे दोन शब्द की एक? शहरातल्या माणसाला ते दोन वाटतात. नाशिकच्या गोदाघाटावर बसून भेळ खाणारा आणि कसारा घाटात अडकून शिव्या देणारा माणूस एकच असला तरी दोन घाटांचा संबंध त्याच्या मनात येत नाही. पण वाईला जा. तिथं कृष्णेवर घाट आहेत, गणपतीच्या देवळाला लागून पायऱ्या पाण्यात उतरतात, आणि गावाबाहेर पसरणीचा घाट पाचगणीला चढतो. वाईकर एकाच दिवशी घाटावर जातो आणि घाट चढतो, आणि त्याला यात काही विचित्र वाटत नाही. मराठी विश्वकोशाचं कार्यालयही त्याच गावात आहे. शब्दांचा न्याय करायला याहून बरी जागा मिळणार नाही.

दोघांना बांधणारा धागा उतरण्याचा आहे. उंच काठावरून पाण्यात उतरायची केलेली जागा ती घाट. उंच माथ्यावरून कोकणात उतरायची केलेली जागा तीही घाट. मराठीत याला दुसरीही साक्ष मिळते. ‘उतार’ हा शब्द डोंगराचा उतार सांगतो, आणि ‘नदीला उतार मिळाला’ म्हटलं की जिथून पलीकडे जाता येतं ती उथळ जागा सांगतो. डोंगर आणि नदी यांना आपल्या पूर्वजांनी एकाच नजरेनं पाहिलं: हे ओलांडायचं कसं?

इथं मी थोडा थांबतो, कारण माझ्या बोलण्याचा गाभा इथं आहे. घाट हे डोंगराचं नाव नव्हतं. डोंगराला आपल्याकडे नावांची कमतरता कधीच नव्हती: कडा, सुळका, सडा, माथा, पठार, धार, रांग. ओलांडायच्या जागांनाही नावं आहेत: खिंड, बारी, नाळ, दार. नाळ ही बैलालाही न पेलणारी दगडांची अरुंद वाट. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली फट. घाट त्याहून मोठा. घाटावरून मीठ वर जाई, गूळ खाली येई, बैलांचे तांडे चालत, चौकी बसे, जकात द्यावी लागे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांनी लेणं खोदलं, नागनिका राणीचा लेख कोरला, ते काही निसर्गशोभा बघायला नव्हे. देशावरचा व्यापार समुद्राला उतरायचा तो तिथून. तुमच्या या मुलखात वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. तिथला माल वर जायला रामघाट होता, पुढं आंबोलीचा, ज्याला पारपोलीचाही म्हणत. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली, तिलारी, चोर्ला: ही नावं एका दमात म्हणून बघा. ही वाटांची यादी आहे. यात एकही शिखर नाही.

मग डोंगररांग घाट कधी झाली? गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात समुद्रालगतच्या कोकणामागे उभ्या असलेल्या उंच रांगेलाच त्यानं घाटाचं नाव दिलं आहे. त्याची चूक म्हणावी तर कन्नडातही घट्ट म्हणजे रांग असा अर्थ आहे, आणि गोव्यात कन्नड-कोकणी दोन्ही कानांवर पडत होत्या. समुद्रावरून पाहणाऱ्याला वाट दिसत नाही, भिंत दिसते. पुढं इंग्रजांनी नकाशावर हीच भिंत ‘वेस्टर्न घाट्स’ म्हणून रंगवली. मग तोल सांभाळायला पूर्वेच्या डोंगरांनाही ‘पूर्व घाट’ केलं. शाळेच्या भूगोलातून ते नाव ‘पश्चिम घाट’ होऊन मराठीत परत आलं. म्हणजे आपलाच शब्द परदेशी जाऊन अर्थ बदलून आला, आणि आपण त्याला ओळख न विचारता घरात घेतलं.

याचा त्रास होतो तो असा. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल दिला. २०१२ मध्ये युनेस्कोनं या रांगेतली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली; महाराष्ट्रातली चार, त्यांत कास आणि राधानगरी. २०२१ मध्ये इथल्या हिरण्यकेशीच्या परिसराला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तो तिथल्याच कुंडात सापडलेल्या एका इवल्याशा माशासाठी, ज्याच्या शास्त्रीय नावातच हिरण्यकेशी आहे. ही सगळी मोलाची कामं आहेत. पण ‘घाट वाचवा’ अशी पाटी या वळणांवर लावली, तर एसटीचा ड्रायव्हर तिचा अर्थ काय लावील? दरडीला जाळी मारा, कठडे बांधा, खड्डे भरा. हे अहवाल म्हणतो त्याच्या बरोब्बर उलट आहे असंही म्हणता येईल; कारण अहवालाला डोंगर नको तिथं कापायला नको आहे, आणि ड्रायव्हरला रस्ता रुंद हवा आहे. दोघांच्या तोंडी एकच शब्द. मी म्हणतो, डोंगराला सह्याद्री म्हणा. नाव चांगलं आहे, जुनं आहे, आणि त्याला दुसरा अर्थ नाही.

(ड्रायव्हरचा विषय निघाला म्हणून सांगतो. ‘घाट लागला की गाडी लागते’ हे वाक्य मराठी न येणाऱ्याला समजावून दाखवा. पहिल्या लागण्यात गाडी घाटात शिरते, दुसऱ्या लागण्यात प्रवासी लिंबू हुंगतो. ‘लागणे’वर मात्र मी व्याख्यान देणार नाही, ते एका संध्याकाळचं काम नाही.)

इंग्रजीतही असाच एक प्रसिद्ध जोड आहे. बँक म्हणजे नदीचा काठ आणि बँक म्हणजे पैशांची पेढी. भाषाशास्त्राच्या वर्गात हे दोन निराळ्या शब्दांचं उदाहरण म्हणून देतात. पेढीची बँक इटालियनमधून आली. सराफ ज्या बाकावर बसायचा त्या बाकावरून. गंमत अशी की तो बाक आणि नदीचा उंच काठ, दोन्ही फार मागे एकाच जर्मानिक मुळाला जाऊन मिळतात. म्हणजे निराळे वाटणारे चुलत भाऊ निघाले. आणि ज्यांनी कर्जतहून लोणावळ्याला रेल्वेनं प्रवास केला आहे त्यांना तिसरी बँक ठाऊक असेल: गाडीला मागून रेटणारं जादा इंजिन, ‘बँकर’. रेल्वेच्या इंग्रजीत बँक म्हणजे चढ. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली, आणि तेव्हापासून या चढावर त्या शब्दाची आणि आपल्या घाटाची गाठ पडलेली आहे.

आता पाटल्यांचा घाट. जुन्या घाटाच्या पाटल्या, घाटदार मडकं, कादंबरीचा घाट. हा शब्द डोंगराचा नव्हे. याचं मूळ घट् या धातूत: घडणे, घडवणे, घडण, घटना, सुघड ही सगळी त्याच घरची. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी घडवणाऱ्याच्या हातात आंबा, केळं, सीताफळ आकाराला येतं तेव्हा जे उतरतं ते हा घाट. मराठी समीक्षकांनी हा शब्द उचलला आणि कवितेचा घाट, कथेचा घाट अशी चर्चा वर्षानुवर्षं केली. ‘आकृतिबंध’ वगैरे शब्द त्याच्या शेजारी उभे केले गेले, पण सोनारानं दिलेला शब्द टिकला. मला तो आवडतो, कारण त्यात हात आहे. आकृतिबंधात फक्त डोकं आहे.

कुणी म्हणेल, घाटातली वाटही वळणावळणाची, घाटदार. मग हे दोन्ही एकच नव्हेत का? सभेत टाळ्या मिळतील असा हा युक्तिवाद आहे. अशाच युक्तिवादानं मुंबईतलं घाटकोपर ‘घाट के ऊपर’ झालं. कोपर हे नाव कोकणपट्टीत जागोजाग आहे, कोपरखैरणेत आहे, डोंबिवलीजवळच्या कोपरात आहे. पण ‘के ऊपर’ ऐकायला गोड लागतं, म्हणून लोक तेच सांगत सुटतात. सगळ्या अर्थांना एका मुळाशी नेऊन बांधण्याची हौस आपल्याकडे फार. त्यात भक्ती असते, मेहनत नसते.

सगळ्यात अवघड घाट आहे तो घालायचा घाट. लग्नाचा घाट, संमेलनाचा घाट, घर बांधायचा घाट. एक बारकावा लक्षात घ्या: घाट घालणारा स्वतः हे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, कार्यक्रम ठरवला. ‘घाट घातला’ म्हणतो तो, ज्याला खुर्च्या उचलायच्या आहेत. शब्दातच कुरकूर आहे. याचं नातं कुणाशी? वरवर पाहता घडणीच्या घाटाशी: योजना आखली, आकार दिला. पण मग ‘घाटत आहे’ हे क्रियापद कुठून आलं? ‘त्याच्या मनात काय घाटतंय कोण जाणे’, ‘नवा कर लावण्याचं घाटत आहे’. पाटल्या कधी घाटत नाहीत. सोनार त्या घडवतो.

घाटतं ते भांड्यात. संस्कृतात घट्ट् असा एक धातू आहे, त्याचा अर्थ घासणे, ढवळणे. त्याचं मराठीत ‘घाटणे’ झालं, आणि त्याच घाटण्यातून आपलं घाटलं. तांदळाची पिठी नारळाच्या रसात कालवायची, गूळ घालायचा आणि मंद आचेवर ठेवायची. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही; पातळ पाणी फिरत राहतं आणि ढवळणाऱ्याला वाटतं आपण उगाच उभे आहोत. मग अचानक तळाशी डाव जड होतो. तिथून पुढं हात थांबला तर गुठळ्या होतात, तळ धरतो, वास लागतो. रंग बदलतो, बुडबुडे जाड होऊन फुटायला लागतात, आणि डाव उचलला की पीठ धारेनं न पडता ओघळतं. मग जायफळ. घरातली मुलगी पहिल्यांदा घाटलं करायला उभी राहते तेव्हा तिला कृती कुणी सांगत नाही, एवढंच सांगतात: थांबू नकोस.

‘मनात घाटतंय’ हे याच भांड्यातून आलं, असं माझं मत आहे. आपण म्हणतोच ना, काहीतरी शिजतंय. बराच वेळ काही दिसत नाही आणि मग एकदम घट्ट होतं. कारस्थानाचं आणि घाटल्याचं यात जुळतं. मग हे क्रियापद ‘घाट घालणे’च्या शेजारी राहायला आलं, आणि दोघं इतकी मिसळली की आज मराठी माणूस ‘घाट घातला’ आणि ‘घाटत होतं’ एकाच श्वासात म्हणतो. मुळं दोन, पण आता कुणाची सीमा कुठं हे तलाठीही सांगू शकणार नाही. गुरुजींच्या प्रश्नाला म्हणून दोनच उत्तरं नाहीत. एक शब्द अनेक कामं करू शकतो, अनेक शब्द एक नाव घेऊ शकतात, आणि तिसरं म्हणजे वेगळे शब्द एका नावाखाली इतकी वर्षं राहतात की त्यांची पोरं एकमेकांची दिसू लागतात.

बाकीचे लवकर आटपतो. देवळातली घांट हे घंटेचं झिजलेलं रूप. त्यातला अनुस्वार मात्र कानाला ऐकू येतो, म्हणून तो टिकला आणि ती घाटात मिसळली नाही. गोव्यात चर्चची घंटाही घांटच. हरभऱ्याचे घाटे म्हणजे दाणा धरलेल्या फुगीर शेंगा. त्या घंटेसारख्या लोंबतात म्हणून त्यांना घांटेशी जोडायचा मोह होतो, तो आवरावा. कोकणातल्या पोराला घाटे माहीत नसतात, कारण हरभरा घाटावरचा. ‘घाटे अळी’ हा शब्द त्याला थेट कृषी खात्याच्या पत्रकात भेटतो, आणि ही अळी घाटावरून उतरते की काय असं त्याला वाटलं तर हसू नका. आणि ‘घाटा’ म्हणजे तोटा हा हिंदीचा. आपल्याकडे तोटा, खोट, तूट असे तीन-तीन शब्द असताना तो आणायचं कारण मला दिसत नाही. तसाच हिंदीचा ‘घाटी’. तिकडे घाटी म्हणजे दरी, खोरं. दूरचित्रवाणीच्या मराठीत हल्ली ‘काश्मीर घाटीत’ बर्फ पडतो. मराठीत घाटी म्हणजे लहान घाट, चढण. छत्रपती संभाजीनगरचं मोठं सरकारी रुग्णालय ‘घाटी’ म्हणून ओळखलं जातं ते याच शब्दानं. दरीत पडलेला बर्फ चढणीवर का ढकलायचा?

पण घाटी म्हटल्यावर तुमच्या मनात दवाखाना आला नाही, हे मला समोरून दिसतं आहे.

घाटी म्हणजे घाटावरचा माणूस. एवढाच त्याचा अर्थ, जसा कोकणी म्हणजे कोकणातला. पण कोकणी म्हटल्यावर कुणी भांडायला उठत नाही आणि घाटी म्हटल्यावर उठतो. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बाजारात सातारा, सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या डोंगरपट्ट्यातून माणसं आली, ओझी उचलली, आणि शहरानं त्यांच्या वाटेचंच नाव त्यांच्या माथी मारलं. गोव्यातही हा शब्द वरून पोटासाठी उतरलेल्यांवर फेकला जातो. तळकोकणातही आपण काही तो सोवळ्यात वापरत नाही. बाजारात भाजीचा ट्रक घेऊन आलेल्या चंदगड-आजऱ्याच्या माणसाबद्दल त्याच्या पाठीमागे काय बोललं जातं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. आणि मग हाच मालवणी माणूस गणपती आटपून मुंबईला परत जातो. तिथं इमारतीतला अमराठी शेजारी त्यालाच घाटी म्हणतो. जन्मभर घाटाखाली राहिलेल्याला! त्या शेजाऱ्याला घाट कुठं आहे हे ठाऊक नाही, त्याला फक्त शब्द ठाऊक आहे.

आंबोलीकरांची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंचीवर तुम्ही राहता, म्हणजे घाटमाथ्यावरचे. तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग, बोली मालवणी, म्हणजे घाटाखालचे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात इथं पाऊस पडतो. त्यातला कड्यावरून कोसळणारा वाटा पश्चिमेला समुद्राकडे जातो, आणि हिरण्यकेशी नदीत पडलेला आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला आणि तिथून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात. घाटी कोण आणि कोकणी कोण हे ठरवायला एखादी समिती नेमलीच, तर तिनं पहिली बैठक आंबोलीत घ्यावी, भर जुलैत घ्यावी, आणि सदस्यांनी आपापल्या खर्चानं घाट चढून यावं.